कोऱ्यासाठी पिशवी

मास्तरांबद्दल सांगायचं तर मला आधी त्यांच्या गाठीबद्दल सांगावं लागेल. मागावर धागा तुटला की विणकर दोन्ही टोकं जुळवून एक बारीक, चपटी गाठ मारतात. ती फणीत न अडकता पुढे सरकते. मास्तर लहानपणी मागावर बसलेले, त्यामुळे त्यांच्या बोटांना दुसरी गाठ येतच नसे. बुटाची नाडी, औषधाची पुडी, फाटलेल्या मच्छरदाणीची दोरी, सगळ्याला तीच गाठ. आणि सकाळ-संध्याकाळ त्यांच्या कुत्र्यानं रस्त्यावर घाण केली की मास्तर ती ज्या पिशवीत भरत, त्या पिशवीच्या दोन कानांनाही तीच.

कुत्र्यामागे पिशवी घेऊन फिरणारा माणूस आमच्या गल्लीनं तोवर पाहिला नव्हता. पोरं मागून चालायची. माझी आई, तिला मी अव्वा म्हणते, उंबऱ्यात सूप घेऊन विड्या वळत बसलेली असायची. ती एकदा त्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रंगमास्तर व्हते म्हणं कारखान्यात. आता बघा कसला रंग गोळा करायलेत."

मास्तर थांबले, पिशवी जरा वर धरली आणि म्हणाले, "ह्याची शेड रोज एकसारखी येते बाई. माझ्या हाताखालच्या माणसांना हे कधी जमलं नाही."

अव्वाला हसू आलं, पण तिनं मान खाली घालून ते लपवलं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. चादरीच्या कारखान्यात रंगखात्याचे मास्तर. सूत कुठल्या रंगात किती वेळ ठेवायचं, मीठ किती घालायचं हे ठरवायचं आणि शेवटी शेड पास करून सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी नखांच्या कडा निळसरच होत्या. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. घरात तेलुगू, बाहेर मराठी. मला ते 'अम्मा' म्हणत. त्यांच्याकडे लेकीबाळींनाही तसंच म्हणतात, पण पहिल्यांदा हाक मारली तेव्हा मागे कोणाची आई उभी आहे का, म्हणून मी वळून पाहिलं होतं.

सगळ्या गोष्टी ते रंगवलेल्या सुताच्या लॉटसारख्या तपासत. चहा पास, लग्नातली भाजी फेल, निवडणुकीला उभा राहिलेला माणूस फेल. आणि काहीही बघायचं ते सकाळी नऊच्या उजेडात, उत्तरेच्या खिडकीपाशी. "ट्यूबलाइटखाली सगळंच बरं दिसतं, अम्मा." माझा दहावीचा निकाल मी संध्याकाळी दाखवायला गेले, तर म्हणाले, उद्या नऊला ये. मी खरंच गेले. त्यांनी गुणपत्रिका खिडकीत धरली, मागून-पुढून पाहिली आणि म्हणाले, "पास. पुढे शीक." आमच्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. वडील चिंचोळीला कारखान्यात पाळीवर, अव्वा मैंदर्गीची, चौथी शिकलेली. 'पुढे शीक' हे मला आधी मास्तरांनी सांगितलं, मग घरच्यांनी. म्हणूनच जे मी नंतर केलं, किंवा केलं नाही, ते लिहायला मला जड जातंय.

कुत्रा मास्तरांच्या मुलानं आणलेला. पुण्याला जाताना मागे ठेवून गेला. पांढरा, थोडा पिवळसर, न रंगवलेल्या सुतासारखा. न रंगवलेल्या सुताला कोरं म्हणतात, म्हणून त्याचं नाव कोरा. एका रंगपंचमीला गल्लीतल्या पोरांनी त्याला गुलाबी केलं. मास्तर दोन तास त्याला साबण लावून धूत बसले. नंतर महिनाभर त्या पोरांशी बोलले नाहीत. मला कळेना एवढं काय त्यात. मी विचारलं.

ते म्हणाले, "मी पस्तीस वर्षं नाल्यात रंग सोडला. ज्या दिवशी जो लॉट, त्या दिवशी तसला नाला. लाल असला की पलीकडच्या म्हशी गुडघ्यापर्यंत लाल होऊन घरी जायच्या. त्यांचा मालक यायचा, मला नमस्कार करायचा, काही बोलायचा नाही. मी पण बोलायचो नाही. आता माझ्या घरातून काही बाहेर पडलं तर ते मागे राहता कामा नये. एवढं एकच."

पिशवीचं वेड हे असं होतं. लोक म्हणत, मास्तर, कागद घ्या की. कागद त्यांनी वापरून पाहिला होता. तो वाटेतच भिजून फाटे. अव्वा म्हणाली, सुपली-बादली घ्या. तीही त्यांनी आठवडाभर घेतली. पण उघडी बादली घेऊन गल्लीतून जाताना लोक चहाचा कप खाली ठेवू लागले, तेव्हा त्यांनी ती बंद केली. "दुसऱ्याच्या नजरेला पडू नये. बांधलेलं पाहिजे," ते म्हणत. अंगणात पुरावं तर अंगण नव्हतंच, सगळीकडे फरशी.

घंटागाडीवाले त्या पिशव्या घेत नसत. मास्तर त्या गल्लीच्या कोपऱ्यावर, खांबाजवळ ठेवत. तिथून कोणीतरी नेतं, असं त्यांना वाटत होतं. मलाही तसंच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिथे काही नसे, म्हणजे गेल्या.

त्या गेल्या होत्या खांबामागच्या उघड्या गटारात. परतीच्या पावसात एका दुपारी गटार तुंबलं आणि पाणी गल्लीच्या उताराच्या टोकाला, म्हणजे आमच्या घरात शिरलं. तंबाखूचा डबा तरंगत होता. दोन दिवसांच्या तयार विड्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी अव्वा त्या वाळवून विडीच्या कारखान्यात घेऊन गेली, तर तपासणाऱ्यानं सगळ्याच बाद म्हणून बाजूला काढल्या. ती परत आली तेव्हा आमच्या गल्लीच्या सोसायटीची माणसं बांबूनं गटार उपसत होती. गाळातून निळ्या, काळ्या पिशव्या निघत होत्या. एक, दोन, पाच, मग मोजायचं थांबलं. प्रत्येकीला दोन कान आणि कानांना ती बारीक चपटी गाठ. बाकी सगळं सुटलं होतं, फाटलं होतं. गाठ एकही सुटली नव्हती.

कोणाची, हे विचारायची गरज पडली नाही. ही विणकरांची गल्ली.

मास्तर कोऱ्याला घेऊन तिथेच उभे होते. अव्वा त्यांच्यासमोर गेली. आवाज चढवला नाही तिनं. "मास्तर, तुमी सोच्छ हाय म्हणता. तुमची घाण माज्या घरात आली की वो."

त्यांनी वाकून एक पिशवी उचलली, गाठीवरचा गाळ अंगठ्यानं पुसला आणि म्हणाले, "व्हय. माझी आहे."

सोसायटीचे चेअरमन किराणा दुकानवाले काका. चार जणांना घेऊन ते मास्तरांकडे गेले आणि ठरलं ते असं: सोसायटीच्या मागे झाडांची पट्टी आहे, तिथे खड्डा करून पुरायला हरकत नाही. पण पोरं तिथे खेळतात, माती उकरतात. पिशवी मातीत तशीच राहणारी असेल तर चालणार नाही. मातीत जिरणारी पिशवी संक्रांतीपर्यंत शोधा, नाहीतर कुत्रं दुसरीकडे पाठवा. मास्तर म्हणाले, बरोबर आहे. आपल्याविरुद्धचा निर्णयही त्यांनी पास केला.

त्या तीन महिन्यांत मी मास्तरांना जेवढं पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. कॉलेजातून आले की जायची. त्यांच्याकडे कारखान्यातलं एक लांबोडकं शेडबुक होतं. प्रत्येक लॉटच्या सुताचा तुकडा पिनेनं लावलेला, समोर शेरा, खाली सही. उरलेल्या पानांवर आता पिशव्यांच्या पट्ट्या आल्या. मेडिकलची पिशवी, हिरव्या पानाचं चित्र असलेली पिशवी, 'निसर्गाला अनुकूल' असं छापलेली पिशवी, ऑनलाइन मागवलेली एक जाड पिशवी. चिमट्यात पट्टी धरायची, काडी लावायची. हीच सुताची परीक्षा. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते. नकली असेल तर वितळून काळा कडक मणी होतो.

त्यांची परीक्षा मी चुकताना पाहिली नव्हती. बाजारात कापडी म्हणून मिळतात त्या पिशव्यांपैकी एक मी मोठ्या उत्साहानं आणली. त्यांनी बोटांत धरली आणि आधीच मान हलवली. "हे कोणी विणलं? ताणा कुठाय, बाणा कुठाय? उभा-आडवा धागाच नाही." काडी लावली, मणी झाला. मी ओशाळले. कोरा पलीकडे पाय पसरून झोपला होता. मास्तर त्याला तेलुगूत काहीतरी म्हणाले. "काय म्हणालात?" मी विचारलं. "म्हटलं, तुला हिनं फसवलं नाही रे, हिलाच दुकानदारानं फसवलं."

दिवाळीनंतर आमच्या कॉलेजच्या बाईंनी वर्गात एक छोटा रोल दाखवला. मक्याच्या स्टार्चपासून केलेल्या पिशव्या. प्रयोगासाठी आलेल्या, आता उरलेल्या. मी धीर करून मागितला. बाई म्हणाल्या, "ने. पण एक लक्षात ठेव, जाळलीस तर ही प्लास्टिकसारखीच वितळते. त्यावर जाऊ नकोस. ओल्या मातीत, शेणखतात ठेवली तर काही महिन्यांत जिरून जाते." मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ती वही अजून आहे.

एक पिशवी मी आमच्या पत्र्यावर फुटक्या माठात शेणखत घालून पुरली, रोज पाणी शिंपडू लागले. रोल मात्र मास्तरांना लगेच दिला नाही. आधी आपल्या डोळ्यांनी बघू, मग देऊ. संक्रांत आठवड्यावर आली तेव्हा मी माठात बोट घालून पाहिलं. पिशवी होती. एका जागी मऊ पडून फाटली होती, पण होती. मग तशीच रोल घेऊन गेले.

"मास्तर, हिचं जाळून नाही कळत, असं बाई..."

"सूत जाळून कळतं अम्मा, तर हे काय." त्यांनी पट्टी कापून पुस्तकात लावली. "रविवारी सगळ्यांसमोर बघू. लपवायचं काही नाही."

त्यांचं वाक्य तोडायची मला सवय नव्हती.

रविवारी नऊला चेअरमनकाका आणि पाच-सहा जण मास्तरांच्या दारात जमले. अव्वा समोरच आमच्या उंबऱ्यात होती, मांडीवर सूप, हातात कात्री. मास्तरांनी त्याच पिशवीची दुसरी पट्टी चिमट्यात धरली. काडी लावली. पट्टी आक्रसली, वळली, तिचा थेंब झाला आणि फरशीवर पडला. ते वाकले, थेंब निवू दिला, नखानं दाबला, वास घेतला.

"मणी," ते म्हणाले. "फेल."

मग काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही बहुतेक तो निकाल नको होता. "काय गं, कॉलेजला जातीस ना तू? तूच आणलीस न्हवं? बोल की, जिरती का न्हाय ही मातीत?"

मी अव्वाकडे पाहिलं. तिची कात्री पानावर थांबली होती. मास्तरांकडे पाहिलं. ते मणी तळहातावर घेऊन माझ्याकडेच बघत होते, नऊच्या उजेडात, शेड बघावी तसे. मला बाईंचं वाक्य पाठ होतं. माठातली पिशवीही आठवली, फाटलेली पण तिथेच असलेली.

"मला नक्की माहीत नाही," मी म्हटलं.

हे वाक्य खोटं नव्हतं. म्हणूनच त्याची मला जास्त लाज वाटते.

त्या दिवशी जेवताना अव्वा म्हणाली, "तुला ठावं व्हतं."

मी भाकरी मोडत राहिले.

"मग बोलायचं की. मी काय खाल्ली असती का तुला? मला कुत्र्याचा राग न्हवता. घरात पाणी आलं त्याचा व्हता." थोड्या वेळानं ती परत म्हणाली, "तितं बोलाय न्हाय आलं तर मग हे कालेज कशापायी?"

मी ठरवलं, सकाळी नऊला जाऊन मास्तरांना सगळं सांगायचं. वही दाखवायची, माठ दाखवायचा. त्यांना नऊच्या उजेडातलंच पटतं, म्हणून नऊ. सातलाच टेम्पो आला. दुधनीजवळ त्यांच्या पुतण्याचं शेत होतं, तिथे कोऱ्याला पाठवायचं त्यांनी रविवारी दुपारीच ठरवून टाकलं होतं. मी वही घेऊन दारात आले तेव्हा मास्तर टेम्पोत चढून दोरी कोऱ्याच्या साखळीच्या कडीला बांधत होते. कोरा पोत्यांवर बसून शेपूट हलवत होता. त्याला वाटलं असावं, दोघंही जाणार आहेत. मास्तर उतरले. मागची फळी लागली.

मी तेव्हाही सांगू शकले असते. टेम्पो कोपऱ्यावर वळायला वेळ लागतो, तिथे खांब आहे.

त्यानंतर मास्तर सकाळ-संध्याकाळ त्याच वेळी बाहेर पडत आणि खांबापर्यंत जाऊन परत येत. हात मागे बांधलेले. पोरं मागून चालायची बंद झाली. अव्वा एकदा म्हणाली, "कुत्रं गेलं आन् मास्तरच गप झालं की." तिनं माझ्या हातून त्यांना शेंगाची चटणी आणि भाकरी पाठवली. त्यांनी ती घेतली, पास किंवा फेल काही म्हणाले नाहीत.

महिन्याभरानं पुतण्याचा फोन आला. कोरा दोरी चावून निघून गेला होता. साखळीच्या कडीला मास्तरांची गाठ तशीच होती म्हणे. त्यांनी दुधनीत, स्टेशनकडे, रस्त्यानं चौकशी केली. सापडला नाही. मास्तरांनी मला एवढंच विचारलं, "तिथून इथवर यायला कुत्र्याला किती दिवस लागतील?" मी म्हटलं, मला माहीत नाही. हे खरंच माहीत नव्हतं. तेव्हापासून रात्रीही त्यांच्या दाराला कडी नसायची.

चैत्रात मी माठ उपडा केला. माती काळी, भुसभुशीत. पिशवी नव्हती. मी चाळणीनं चाळली, हातानं कुस्करली. कुठे पापुद्रा नाही, तुकडा नाही. आनंद व्हायला हवा होता. मी ती माती सुपात घेऊन मास्तरांकडे गेले. नऊ वाजले होते.

त्यांनी सूप खिडकीपाशी ठेवलं. बराच वेळ माती बोटांतून गाळत राहिले. मूठभर नाकाशी धरली.

"कधी पुरली होतीस?"

"दिवाळीनंतर. रोल मिळाला त्याच दिवशी."

"म्हणजे त्या रविवारी ही मातीत होती."

"हो."

"आणि तुला कोणी सांगितलं होतं, की जाळून कळत नाही."

"बाईंनी. मी लिहून घेतलं होतं." मला रडू येत होतं पण त्यांच्यासमोर रडायचा मला हक्क नाही असं वाटलं. "मला नक्की नव्हतं मास्तर. तुम्ही एवढी वर्षं सूत जाळून..."

"मी रंगातला मास्तर," ते म्हणाले. "ह्यातलं मला काय कळतं? मी तुला बोलूही दिलं नाही." मग सुपातली माती तळव्यानं सारखी केली. "पण एक सांगतो. पस्तीस वर्षांत मी एकही शेड नक्की म्हणून पास केली नाही. नक्की झाल्यावरच सही करायची म्हटलं असतं, तर एक चादर कारखान्याबाहेर पडली नसती."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

त्यांनी शेडबुक काढलं. त्या पट्टीसमोर 'मका. जाळून फेल' असं आधीच लिहिलेलं होतं. त्याखाली त्यांनी 'मातीत पास' लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. "सही तू कर. हा लॉट तुझा."

मी सही केली. पुस्तक मांडीवर धरलेलं, म्हणून ती वाकडी आली. कोपऱ्यात रोल पडला होता, त्यातल्या दोनच पिशव्या वापरलेल्या.

श्रावणात मास्तर गेले. दवाखान्यात तीन दिवस होते. मी दोनदा भेटायला गेले, पण ते झोपलेले होते. मुलानं पुण्याहून येऊन घर रिकामं केलं. शेडबुक रद्दीच्या ढिगात ठेवलं होतं. मी मागितलं तेव्हा तो म्हणाला, न्या, आम्हाला काय करायचंय. रोल त्यानं कचऱ्याच्या पिशव्या म्हणून वापरून टाकला. दार बंद करताना त्यानं बाहेरून कडी लावली आणि कुलूप घातलं. त्यात चुकीचं काही नव्हतं, पण मला ते बघवलं नाही.

आता मी शेवटच्या वर्षाला आहे. यंदा उन्हाळ्यात माझ्या प्रकल्पासाठी काही बघायचं होतं म्हणून शेडबुक काढलं. सुताचे तुकडे अजून तसेच होते, लाल तर अगदी कालच्यासारखे. पुढच्या पानांवर मेडिकलची पट्टी, हिरव्या पानाची पट्टी, कापडी म्हणवणारी पट्टी, सगळ्या शाबूत. मग माझं पान आलं. पिनेखाली पट्टी नव्हती. पिनेला गंज चढला होता आणि तिच्याभोवती, माझ्या वाकड्या सहीवर, थोडा पांढरट भुगा पडला होता. ती पुस्तकातही राहिली नव्हती.

मी श्वास रोखून पान हळूच मिटलं, भुगा उडू नये म्हणून.